कंबरपट्ट्याच्या तुटक्या लडी

१

सकाळी सहा चाळीसला सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, मासेमार होड्या बांधतात त्या दगडी पायऱ्यांवर, दगडोबाला बाईमाणसाच्या चपला दिसल्या. चपलांशेजारी पिवळी ओढणी पडली होती, आणि ओढणीखाली असं काहीतरी होतं की ते काय आहे हे त्याला सांगता येईना. पोलिसांना फोनवर तो म्हणाला, "साहेब, देवीच्या साजावानी काईतरी हाय. पैशे लावलेलं. मणी लोंबून राहिले. अर्धं तुटलंय."

तो कंबरपट्टा होता. आतल्या बाजूला कापडाची छोटी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर वसमतच्या एका कारखान्याचं नाव आणि फोन नंबर होता.

आकांक्षाचा फोन वाजला तेव्हा ती मोंढ्यामागं आपल्या कारखान्याचं शटर वर करत होती. पाठोपाठ फोटो आला. तिनं तो मोठा करून पाहिला आणि अर्ध्यावर गेलेलं शटर तिच्या हातून निसटून खाली आलं. पट्टा तिच्याकडचाच होता. डाव्या कमरेवरच्या मण्यांच्या लडी मधोमध तुटलेल्या होत्या, कुणी मूठ भरून हिसडा द्यावा तशा. चपलाही तिच्या ओळखीच्या होत्या. रोज सकाळी त्या तिच्याच दारात निघत.

"चपला कुनाच्या हायेत, वळखू येतंय का?" हवालदार शेषराव पलीकडून विचारत होते.

"राणीच्या. माझ्याकडं काम करते. कुरुंद्याची आहे."

"ती रात्री घरी पोचली न्हाई म्हनून भावानं पहाटेच येऊन सांगितलंय. तुमी ठाण्यात यायच्या आधी कारखान्यातलं कुनी हलू देऊ नका. मॅडम तिकडंच यायल्यात."

तिकडं धरणाच्या पाण्यात शोधासाठी होड्या उतरल्या होत्या. गळ टाकायचं काम सुरू झालं होतं.

२

आकांक्षानं पुण्यात कपड्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं आणि नोकरी सोडून ती वसमतला परत आली, तेव्हा घरच्यांना तिनं एवढंच सांगितलं होतं की नाचाचे पोशाख शिवणार. कुठल्या नाचाचे, हे गल्लीत फारसं कुणी विचारलं नाही. बेली डान्स शिकवणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत, अकोल्या-नागपुरात होत्या, परदेशात तर होत्याच. त्यांना मापात बसणारी चोळी, कंबरपट्टा, घेरदार घागरा आणि त्यावर शोभणारे दागिने हवे असत. हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, खाली पोत्यांचा वास आणि वर शिलाई मशीनचा आवाज, अशा दोन खोल्यांत हे सगळं तयार होत होतं.

पट्ट्याच्या लडी हे त्या कामाचं खरं कसब. काचेचे बारीक मणी तंगुसाच्या, म्हणजे गुळगुळीत नायलॉनच्या, एकाच दोऱ्यात ओवायचे, मध्ये कुठंही गाठ द्यायची नाही. गाठ दिली की लड ताठरते, आणि बाईची कंबर हलली तरी लड हलत नाही. गाठ नसली की लड पाण्यासारखी वाहते खरी. पण दोरा तुटला की सगळे मणी एका दमात जमिनीवर. म्हणून टेबलावर एकच शिस्त होती. लड तुटली की आधी टोक बांधायचं, मग बाकीचं बोलायचं.

राणी हे काम दोन वर्षं करत होती. हात हलका, नजर पक्की. मागच्या महिन्यात नमुन्याचा पट्टा तयार झाला तेव्हा तो अंगावर कसा दिसतो हे दाखवायला फोटो हवा होता. मुंबईहून मॉडेल बोलावणं परवडणारं नव्हतं. राणीच म्हणाली, "ताई, मी घालते की. तोंड नका घेऊ फक्त." आकांक्षानं गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा फोटो काढला आणि कारखान्याच्या पेजवर टाकला.

तोंड नव्हतं, पण उजव्या कुशीवर भाजल्याचा डाग होता, तळहाताएवढा. लहानपणी घरच्या हळद शिजवायच्या कढईतलं उकळतं पाणी उडालं होतं. त्या डागाकडं दोघींपैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते विश्वंभरचं. राणीचा थोरला भाऊ. गेल्या आठवड्यात तो कारखान्यात आला, चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसला आणि चहाही घेतला. मग मोबाईल पुढं करून म्हणाला, "ताई, ही आमच्या घरातली हाय का?"

"नाही," आकांक्षा म्हणाली. "मुंबईची मॉडेल आहे."

त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला. "असं. मंग मुंबईतबी हळद शिजवत असतील."

आवाज चढला नाही. शिवी आली नाही. तो पेज खाली-खाली सरकवत बराच वेळ पाहत बसला, कप बशीत नीट ठेवला आणि गेला. पडद्याआड मणी ओवणाऱ्या राणीच्या हातातून सुई खाली पडली, ती तिनं उचललीसुद्धा नाही.

३

उपनिरीक्षक प्रियदर्शनी मॅडम कारखान्यात शिरल्या त्या थेट टेबलापाशी येऊन थांबल्या. वय पस्तिशीच्या आत, बोलणं कमी.

"काल राणी इथून कधी निघाली?"

"सहाला. सगळ्यांसोबत," आकांक्षानं सांगितलं. "पट्टा तेव्हा डमीवर होता का, ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं. पण दिवसभर दार उघडंच असतं. इथं चौघंच येतात."

चौघांपैकी एक राणी. उरलेली तिघं भिंतीला टेकून उभी होती.

रुपा आरशाचं आणि नाण्यांचं काम करणारी. तांड्यावरची, जिभेनं तिखट. तिच्या हातात मेण लावलेला सुती दोरा होता, आणि तिला विचारपूस सुरू झाली तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

"राणी कुणाशी बोलायची, काही सांगितलं का?"

"सांगायची. मालिकेत काय झालं ते सांगायची. पोलिसांना ऐकायचं असंल तर सांगते." मग आवाज एकदम उतरला. "मॅडम, ती भाऊ घरी असला की जेवायची न्हाई. डबा इथं आणून सकाळीच खायची. म्या इचारलं, काहून गं? म्हनली, घरी घास उतरंना."

"भाऊ मारायचा?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. बोलायचाच न्हाई. आठ दिस झाले, एक शब्द बोलला न्हाई तिच्याशी."

दुसरा प्रेमदास, रुपाचाच भाऊ. जर्मन सिल्व्हरची नाणी, घुंगरं, बाजूबंद तो घडवायचा. काल संध्याकाळी राणीला त्याच्या मोटरसायकलवर बसलेलं मोंढ्यातल्या हमालांनी पाहिलं होतं, आणि सकाळपासून अर्ध्या वसमतनं त्यांचं लग्नही लावून टाकलं होतं.

"कुठं सोडलं तिला?"

"स्टँडवर." त्यानं घसा खाकरला. "म्हंजे, स्टँडच्या अलीकडं. ती म्हनली हितंच उतरते."

"कुरुंद्याची बस लागते तिथं की अलीकडं?"

"तिथं लागते. पर ती म्हनली, मी उतरले. आता बाईमाणसाला गाडीवर धरून ठेवू का?"

"बॅग होती?"

प्रेमदासनं बहिणीकडं पाहिलं. "होती. डब्याची पिशवी न्हाई, मोठी."

तिसऱ्या मंजुळाबाई. वयानं सगळ्यांत मोठ्या आणि राणीच्या सख्ख्या चुलत्या. राणीला या कामाला त्यांनीच आणलं होतं. काल त्या दुपारीच माहेरी गेल्या होत्या, भावाकडं. भावाचं गाव धरणाच्या अंगाला. निरोप मिळाला तशा पहिल्या बसनं परत आल्या होत्या. टेबलावरच्या त्यांच्या जागेवर उदबत्तीचं घर होतं. तंगुसाची गाठ सुटू नये म्हणून टोकाला उदबत्तीचा निखारा लावून त्या त्याचा बारीक गोळा करायच्या. वीस वर्षांपूर्वी मासे पकडायच्या जाळ्यांना माहेरी तसंच करायचे, असं त्या सांगत.

"मावशी, राणीला पोहता येत होतं?"

"न्हाई."

"जीव देण्याइतकी त्रासली होती?"

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "त्याला इचारा," एवढंच म्हणाल्या. "विशूला इचारा."

४

विश्वंभरला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. दार उघडं, व्हरांड्यातलं बाकडं, बाजूला शेषराव. बाहेर त्याच्या भावकीतली पंधरा-वीस माणसं उभी. सकाळपासून गावाच्या ग्रुपवर दोनच गोष्टी फिरत होत्या: तुटलेल्या पट्ट्याचा फोटो, आणि त्याखाली 'भावानंच ढकललं'.

आतल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर पट्टा ठेवला होता. प्रियदर्शनी मॅडमनी आकांक्षाला बोलावलं होतं ते ओळख पटवण्यासाठी.

"हाच. फोटोतला."

"सरळ दिसतं," मॅडम म्हणाल्या. "काठावर झटापट. त्यानं पट्टा धरला, लडी तुटल्या. पोरगी पाण्यात. पण पंचनाम्यात एक गोष्ट मला बसत नाही, म्हणून विचारते. तुटल्या लडींतले किती मणी पायऱ्यांवर पडायला हवेत?"

आकांक्षानं पट्ट्याकडं प्रथमच कामाच्या नजरेनं पाहिलं. सकाळपासून ती त्याच्याकडं पाहायचं टाळत होती. पाहिलं की त्याच्या आत राणीची कंबर दिसायची.

"पुष्कळ. ओंजळभर तरी. किती सापडले?"

"दगडोबा म्हणतो चार-दोन. आमच्या माणसांनी पायरी पायरी झाडली. फटीतसुद्धा नाहीत."

आकांक्षा खुर्चीवर बसली. तुटलेल्या लडींचं वरचं अर्धं अजून मण्यांनी भरलेलं होतं. एकेक लड चार बोटं, सहा बोटं, कुठं वीतभर, आणि शेवटच्या मण्यापर्यंत गच्च.

"हे असं राहूच शकत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"आम्ही मध्ये गाठी देत नाही. दोरा एकच असतो. तो मधून तुटला तर वरचेही मणी घसरून जातात, एकसुद्धा राहत नाही. नुसता दोरा लोंबायला हवा."

तिनं एक लड बोटावर घेतली, मोबाईलचा दिवा लावला आणि टोक डोळ्यांजवळ आणलं. शेवटच्या मण्याखाली गाठ होती. बारीक, घट्ट, दुहेरी. दुसऱ्या लडीला गाठ. तिसरीला गाठ. तुटलेल्या प्रत्येक लडीचं टोक बांधलेलं होतं.

"म्हणजे तोडल्यावर कुणीतरी बसून बांधलं," मॅडम म्हणाल्या.

"हो. झटापटीत हे होत नाही. अंधारात, पाण्याच्या काठावर तर नाहीच. कुठंतरी बसून, उजेडात लडी तोडल्या. तुटल्या की हातानं आपोआप बांधल्या. आमच्याकडं सगळ्यांचे हात असेच आहेत, तोडायचं म्हणून तोडलं तरी मणी सांडलेले बघवत नाहीत." तिचा आवाज वर गेला, सकाळपासून छातीवर बसलेला दगड हलला होता. "मॅडम, हा पट्टा तिथं नेऊन ठेवलाय. राणी बुडालीच नाही. ती जिवंत आहे. कुणीतरी आपल्याला तसं वाटावं म्हणून हे मांडलंय."

"तिचा भाऊ बांधू शकेल अशी गाठ?"

"त्याला दोरा धरता येणार नाही."

मॅडमनी मान हलवली. त्यांनी नजर उचलली तेव्हा ती आकांक्षाच्या मागं, दारावर गेली. आकांक्षा वळली.

विश्वंभर बाकड्यावरून उठून उंबऱ्यापाशी आला होता. शेषरावांनी त्याच्या दंडाला हात लावलेला होता, पण तो आत शिरत नव्हता. नुसता उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "जिती हाय म्हनता?"

आकांक्षानं हातातली लड वर्तमानपत्रावर ठेवली.

"बराबर? पक्कं?"

"पट्ट्यावरून तरी," मॅडम मध्येच म्हणाल्या, "तसं दिसतंय. तुम्ही बसा."

सकाळपासून हा माणूस बाकड्यावर पाठ वाकवून बसला होता. आता तो सरळ झाला. त्यानं आकांक्षाला हात जोडले.

"लई उपकार झाले तुमचे," तो म्हणाला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. हसूही नव्हतं. आणि त्या क्षणी आकांक्षाला सकाळी फोटो पाहताना वाटली होती त्याहून मोठी भीती वाटली.

५

त्याला धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. प्रेत नव्हतं, झटापट नव्हती. बाहेर भावकी आवाज करत होती. "सकाळधरनं आमच्या माणसाला गुन्हेगारावानी बशीवलं," असं एकजण शेषरावांना ऐकवत होता.

"त्यानं धमकी दिली होती का कधी? तुम्हाला, तिला?" मॅडमनी आकांक्षाला विचारलं.

"नाही. चहा घेतला आणि गेला."

"मग मी लिहू काय?" त्यांनी शेषरावांना त्याला सोडायची खूण केली. "गावाबाहेर जाऊ नका असं सांगून सोडते. माणूस मागं लावायला माझ्याकडं माणूस नाही, सगळे धरणावर आहेत. त्यांना बोलावते. तोवर मला सांगा, गाठ कुणाची?"

आकांक्षानं पुन्हा लड हातात घेतली. हे काम तिला नको होतं.

"रुपाची नाही. ती तंगूस वापरतच नाही, मेणाचा सुती दोरा वापरते. राणी तंगूस वापरते, पण गाठीवर नेलपॉलिशचा थेंब लावते. निखाऱ्याजवळ ती जात नाही, भाजल्यापासून." तिनं दिवा जवळ धरला. गाठीच्या टोकाशी मोहरीहून बारीक काळसर गोळा होता. प्रत्येक टोकाला. "हे उदबत्तीनं वितळवलंय."

"म्हणजे मंजुळाबाई."

"हो."

"काल त्यांचा मुक्काम धरणाच्या अंगाला होता."

"हो."

सख्खी चुलती. कुटुंबाच्या बाजूची, की पोरीच्या? पोरीला कुठंतरी कोंडून, नाहीतर संपवून, वर हा देखावा रचला असेल तर गाठीनं राणी जिवंत असल्याचं काहीच सिद्ध होत नव्हतं. मघाशी जे आकांक्षानं एवढ्या खात्रीनं सांगितलं होतं, ते आता तिच्याच पायाखालून सरकत होतं.

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं तर विश्वंभर भावकीत थांबला नव्हता. त्यानं मोटरसायकल काढली, हेल्मेट घातलं, आणि कुरुंद्याच्या रस्त्याला न लागता तो उलट्या दिशेला गेला.

६

मंजुळाबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. समोर मण्यांची वाटी होती आणि हात रिकामे होते. प्रियदर्शनी मॅडमनी पट्टा त्यांच्यापुढं ठेवला, तुटल्या लडी वर करून. त्यांनी टोकांकडं पाहिलं आणि डोळे मिटले.

"गाठी मारल्या व्हय म्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बाई बाई. मला ठावंबी न्हाई. हाताला कळलंच न्हाई."

"राणी कुठं आहे?"

"पहिलं सांगा, विशू कुठं हाय?"

"सोडलाय."

"काहून सोडला?" त्या उठल्याच. "अहो काहून? रातभर तुमच्याकडं ऱ्हायला असता, चार दिस ऱ्हायला असता. लोकांनी त्याच्या तोंडाला काळं फासलं असतं तरी चाललं असतं मला."

"मावशी, बसा. तुम्ही त्याला अडकवायला हे केलं?"

"अडकवायला न्हाई. थांबवायला." त्या बसल्या, पण काठावर. "परवा तो माझ्या घरी आला. म्हनला, काकू, कढई पेटवायची हाय दोन दिसांनी. राणीला आदल्या राती वावरात धाडा. वावरात. राती. हळद तर कवाच शिजवून झालीय, मॅडम. ह्या दिसात कुनाचीबी कढई पेटत न्हाई. म्या हो म्हनले. त्याच्या तोंडाकडं बघून हो म्हनले, आन् काल सकाळी पोरीला सांगितलं, आजच्या आज निघ."

खालच्या गोदामात पोती ओढल्याचा आवाज येत होता.

"ती नुसती गेली असती तर त्यानं जग पालथं घातलं असतं. मेली म्हनल्यावर कोन हुडकतंय? म्हनून पट्टा नेला, पोरीची ओढनी आन् चपलाबी नेल्या; तिला माझ्या चपला दिल्या. त्यानंच पाह्यलेला पट्टा, त्याला लगीच पटंल. भावाच्या घरी माळ्यावर बसून लडी तोडल्या. दिस उगवायच्या आत ठेवून आले."

"ती गेली कुठं?"

मंजुळाबाईंनी आकांक्षाकडं पाहिलं. "तुमच्या त्या अकोल्याच्या बाईकडं. नाच शिकिवते ती. मागं म्हनली होती ना, माझ्याकडं मणी ओवायला पोरगी धाडा."

म्हणाली होती. पोशाख मिळाल्यावर तिनं एक व्हिडिओ करून पाठवला होता, कंबर एकदा हलवून, लडी कशा वाहतात ते दाखवून. शेवटी हात जोडून ती म्हणाली होती, 'राणी, तुझ्या हाताला तोड नाही, माझ्याकडंच राहायला ये.' आकांक्षानं तो व्हिडिओ कौतुकानं पेजवर टाकला होता. खाली क्लासचं नाव, गाव, नंबर. विश्वंभर चहा घेताना ज्या पेजवर बराच वेळ बसला होता, त्याच पेजवर.

तिनं फोन लावला. पहिल्यांदा व्यस्त. दुसऱ्यांदा लागला.

"आकांक्षा? बरं झालं तूच केलास," अकोल्याच्या बाई म्हणाल्या. "राणीच्या आईची तब्येत कशी आहे गं?"

"आईची?"

"अगं तासापूर्वी भावाचा फोन आला ना क्लासच्या नंबरवर. फार शांत बोलला बिचारा. म्हणाला, पोरगी बुडाली असं ऐकून आईनं अंथरूण धरलंय, पाणी घेत नाही, एकदा तोंड दाखव, मग परत जा. राणीनं आईशी पण बोलून घेतलं. ती माउली रडत होती, मी ऐकलं. पोरगी थांबेचना. दुपारच्या गाडीनं गेली."

"तिचा फोन?"

"तो तर तिनं आणलाच नव्हता."

७

यातलं आईचं आजारपण खोटं नव्हतं. शेषराव कुरुंद्याला जाऊन आले. राणीची आई ओसरीवर पडून होती, शेजारणी तिला चमच्यानं पाणी पाजत होत्या. विशूनं वाटेतूनच दोन्हीकडचे फोन जोडून लेकीचा आवाज ऐकवला, हे तिनं खरं म्हणून सांगितलं. "आणायला गेलाय," ती म्हणाली. "येतील दोघं."

विश्वंभरनं फोन कुठून केला ते कळलं: हिंगोलीच्या रस्त्यावरून, एका हॉटेलात थांबून, मालकाच्या फोनवरून. त्याचा स्वतःचा फोन ठाण्यातून निघाल्यापासून बंद होता.

प्रियदर्शनी मॅडमनी गाडी हिंगोलीला यायच्या आत रेल्वे पोलिसांना उभं केलं. त्या आणि आकांक्षा जीपनं निघाल्या. मागच्या सीटवर मंजुळाबाई होत्या; त्यांना न्यायचं नव्हतं, पण त्या उतरल्या नाहीत. वाटेत मंजुळाबाई म्हणाल्या, "माझ्यामुळं तिच्या आईनं अंथरूण धरलं. म्या मेली म्हनून दाखवली नसती तर ती परत निघाली नसती." आकांक्षाला म्हणावंसं वाटलं की नाही, माझ्यामुळं, ती जिवंत आहे हे मी त्याच्या कानावर घातलं. पण त्यातलं कुठलंही म्हणून उपयोग नव्हता.

गाडी हिंगोलीला थांबली. डबे पुढून मागून पाहिले. राणी नव्हती. पिवळ्या ओढणीऐवजी तिच्याकडं निळी ओढणी आहे, एवढं अकोल्याच्या बाईंनी सांगितलं होतं. वाशीमला चणे-फुटाणे विकायला चढलेल्या माणसाला निळ्या ओढणीची मुलगी आठवली. खिडकीशी, एकटी, बॅग मांडीवर. त्यानंतरच्या एका लहान स्टेशनावर गाडी रोजच्यासारखी क्रॉसिंगसाठी थांबली होती. तिथं ती उतरली असं शेजारच्या म्हातारीनं सांगितलं.

"कुनी उतरवलं का, आजी?"

"न्हाई बाप्पा. खिडकीतून भावाला पाह्यलं तिनं. म्हनली, दादा आला घ्यायला. आपल्याआपन उतरली."

"घाबरली होती?"

"पाय कापत व्हते तिचे," म्हातारी म्हणाली. "पर आई बीमार हाय म्हनत व्हती. म्हनून कापत असतील म्हनलं."

त्या लहान स्टेशनाबाहेर चहाची एकच टपरी आहे. टपरीवाल्यानं दोघांना पाहिलं. मुलगी पुढं चालत होती, भाऊ मागं, तिची बॅग हातात घेऊन. त्यानं दोन चहा सांगितले. मुलीनं घेतला नाही. मोटरसायकलवर ती मागं बसली, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून त्यानंच तिला ती नीट घ्यायला सांगितली, आणि ते निघाले.

तिथून कुरुंद्याला यायचं तर हिंगोलीवरून यावं लागतं. हिंगोलीच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यात संध्याकाळी सातपर्यंत ती मोटरसायकल दिसलेली नाही. विश्वंभरच्या वावरात पोलीस जाऊन बसले आहेत. तिथं कढई उलटी ठेवलेली आहे, चूल थंड आहे. दोघांपैकी कुणीही घरी पोचलेलं नाही.